दोन लाव्हांच्या मधली वस्ती

पुण्यात वाढलेल्या माणसाला दगड म्हणजे काळा पाषाण. वाड्याचं जोतं, किल्ल्याचा बुरूज, घाटातला कडा, सगळे एकाच जातीचे. भूशास्त्राच्या वर्गात मी त्याला बेसॉल्ट म्हणायला शिकले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेला हा लाव्हा. त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइटचे, अपोफिलाइटचे देखणे स्फटिक मिळतात, पण जीवाश्म नाही. त्या तापलेल्या रसात कोण टिकणार?

मात्र लाव्हा सलग वाहत नव्हता. एक लोट थिजला की पुढचा यायला कधी हजारो वर्षं जायची. तेवढ्यात खडकाची माती व्हायची, खोलगट जागी पाणी साचायचं, काठाला ताडमाड उभे राहायचे, पाण्यात शंखाच्या गोगलगायी फिरायच्या. मग पुन्हा आग. नागपूर-छिंदवाड्याकडे या तळ्यांचे गाळ बेसॉल्टच्या थरांत अडकून राहिले आहेत. पाण्यातली सिलिका झाडांच्या पेशीपेशीत शिरली आणि मोहगाव कलानची खोडं, फळं गारगोटीसारखी टणक झाली. नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म १८५०च्या दशकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने अभ्यासले. काही ठिकाणी हा थर जेमतेम हातभर असतो. वर-खाली लाव्हा, मधे एक अख्खं तळं! मला त्या हातभर जागेचं वेड लागलं आहे.

लाव्हा येण्याआधीचं जग पाहायचं तर वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला जावं. तिथल्या शेतांत डायनासोरची हाडं मिळतात. हाड की साधा दगड, अशी शंका आली की आम्ही तुकडा जिभेला लावतो. जीवाश्म झालेलं हाड सच्छिद्र असेल तर चिकटतं. पण पिसदुऱ्याची खरी श्रीमंती शेणात आहे, दगड झालेल्या शेणात. गवताच्या पानांत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, ते पोटातूनही शाबूत बाहेर पडतात. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेणात तसे कण दाखवले. त्यातले काही भात-बांबूच्या कुळाशी नातं सांगणारे. डायनासोरच्या काळात गवत असं रुजलेलं असेल, असं तोवर फारसं कुणी धरत नव्हतं.

प्रबंधासाठी विषय सुचवा म्हणून सरांनी सांगितलं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी सह्याद्री घेतला. मी नागपूरच्या बाजूचा नकाशा मागून घेतला.