वरचा निखारा

कोळंबीचा परिपाक हा क्षणांचा व्यवहार आहे. विस्तवाची धग लागताच ती वळते, तिच्या अंगावर लाली चढते, आणि तिथेच ती शिजलेली असते. त्यापुढे थोडा वेळ जरी ती आगीवर राहिली तरी चिवट होते. अशा नाजूक जिवाला भट्टीत घालायचे तर त्याच्यावर काहीतरी पांघरूण हवे, हे दूरदूरच्या स्वयंपाकघरांनी आपापल्या परीने ओळखले.

शिकागो नगरीत १८९३ साली जागतिक प्रदर्शन भरले. त्याच वर्षी, त्याच नगरीत स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलले. प्रदर्शनाच्या निमित्ताने बेल्जियमहून तिथे आलेल्या द जाँग कुटुंबाने पुढे हॉटेल थाटले. सोललेल्या कोळंबीवर लसूण घोटलेले लोणी, शेरी आणि पावाचा चुरा यांचा थर देऊन भाजलेला पदार्थ आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मद्यबंदीच्या काळात, १९२३ साली, ते हॉटेल बंद पडले. पदार्थ मात्र शहराने सांभाळला.

मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले याच कुळातले. बारीक चिरलेला कोबी, कोळंबी, कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, परभी सांभार आणि भरपूर तेल बेसनात कालवून पसरट भांड्यात थापायचे. खाली निखारे, झाकणावरही निखारे. कोबी आपले पाणी सोडतो, बेसन ते शोषून सारे बांधून धरते, कोळंबी त्या वाफेत अलगद शिजते आणि वरचा पापुद्रा खरपूस होतो. लोण्याचे काम इथे तेल करते.

पाठारे प्रभूंच्या या पाकपरंपरेला लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ या १९१० सालच्या ग्रंथाने अक्षररूप दिले. परंतु झाकणावर निखारे किती ठेवावे आणि ते केव्हा झटकावे, हे ज्ञान पानांपेक्षा हातांत अधिक राहिले. सासू वासावरून सांगे, सून शेजारी उभी राहून शिके.

आता ती शेजारची जागाच दुर्मिळ होत चालली आहे. नोकरीधंद्याने माणसे समुद्रापासून दूर गेली. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात धातूकामाच्या भट्ट्या आहेत. पण त्या परिसरात घर मांडणाऱ्या मराठी गृहिणीला ताज्या कोळंबीचा वाटा देणारी कोळीण कुठून मिळावी? तिच्या वाट्याला गोठवलेली कोळंबी येते. ती सावकाश वितळवावी लागते, पाठीतला काळा दोरा काढून फडक्याने कोरडी टिपावी लागते. नाहीतर तिचे पाणी बेसनाचा चिखल करते. निखाऱ्यांच्या जागी ओव्हन असतो, आणि अखेरची काही मिनिटे केवळ वरची आच ठेवून पापुद्रा साधावा लागतो.

साधन बदलले तरी कसोटी जुनीच आहे. भानोले कडेने सुटू लागले, सुरी घातली तर कोरडी निघाली, आणि लसणाच्या उग्र वासाला खमंगपणा आला, की आच काढायची. तापमानाचा आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवता येतो. तो वास ओळखायला मात्र त्या घरातल्या मुलीला किंवा मुलाला एकदा तरी ओव्हनपाशी येऊन उभे राहावे लागेल.