हिवाळ्याचे पाहुणे

२०२५ सालची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीस आली, आणि त्याच दिवशीं जामठ्याच्या मैदानावर विदर्भ व केरळ यांच्यांत रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. आमच्या घरीं पहिला दिवस उपवासास व रुद्रास दिला गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पारणें करून आम्ही आणि आमचे धाकटे बंधू असे दोघेच वर्धा रस्त्यानें जामठ्यास गेलों. डब्यांत दशम्या व शेंगदाण्यांची चटणी होती, डोक्यावर टोप्या होत्या, आणि उन्हांत बसूं नका म्हणून हटकणारें कोणी बरोबर नव्हतें. साठी उलटलेल्या दोन भावांस यापरता सुखाचा दिवस तो कोणता?

विदर्भाचा डाव ३७९ धांवांवर आटोपला. केरळचे पहिले दोन गडी दर्शन नळकांडे यानें हां हां म्हणतां बाद केले. प्रेक्षक खुशींत आले. परंतु तिसऱ्या क्रमांकावर आलेला डावखुरा फलंदाज कांहीं केल्या हलेना. तो होता आदित्य सरवटे, आपल्या नागपूरचाच खेळाडू. याच मैदानावर फेब्रुवारी २०१९ मध्यें सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्यानें अकरा बळी घेतले होते आणि विदर्भाचा करंडक विदर्भांतच राखला होता. या हिवाळ्यांत मात्र तो केरळच्या संघांत पाहुणा खेळाडू म्हणून गेला होता, आणि जुन्या सोबत्यांपुढें, ओळखीच्या मैदानावर, परक्या घरासाठीं किल्ला लढवीत होता.

आमच्या मागील बाकावरून कोणी गृहस्थ उद्गारले, "पैसा मोठा वाईट, बुवा! आपला माणूस आपल्यावरच उलटला!"

तें वाक्य ऐकून आम्ही दचकलों. कारण जवळजवळ हेंच वाक्य एकेचाळीस वर्षांपूर्वीं आमच्या तोंडून निघालें होतें. आणि ज्यास उद्देशून तें निघालें, तो आमच्या शेजारीं बसून सरवटे याच्या प्रत्येक चांगल्या फटक्यास टाळी देत होता.

ती हकीगत सांगितल्याशिवाय पुढें जातां येणार नाहीं. आमच्या वडिलांस क्रिकेटचें वेड होतें. ऑक्टोबर १९६९ मध्यें नागपुरांत पहिला कसोटी सामना झाला, तेव्हां त्यांनीं आम्हां दोघां भावांस सिव्हिल लाइन्समधील मैदानावर नेलें. न्यूझीलंडनें आपला १६७ धांवांनीं पराभव केला. परंतु बंधूच्या मनांत त्या दिवसापासून फिरकी गोलंदाजी भरली ती भरलीच. पुढें वडील वारले. आम्ही मॅट्रिक होऊन, पाठशाळेंत संस्कृत शिकून, एका शाळेंत मास्तर झालों व घराचा भार अंगावर घेतला. बंधू कॉलेजांत डाव्या हातानें असा चेंडू वळवी कीं, पाहणारे थक्क होत.

१९८३ सालच्या दिवाळींत परगांवच्या एका कंपनीचें त्यास पत्र आलें. कचेरींत नोकरी, राहण्यास खोली, आणि हिवाळाभर कंपनीच्या संघांतून खेळणें हेंच मुख्य काम. बंधूनें तें पत्र देवघरांत आईच्या हातीं दिलें. आईनें तें आमच्याकडे दिलें. आम्हीं तें वाचलें, त्याची घडी केली आणि म्हटलें, "खेळ हौसेचा असतो, तो विकावयाचा नसतो. आज एक कंपनी घेईल, उद्यां दुसरी घेईल, आणि शेवटीं पैशासाठीं आपल्याच गांवावर उलटण्याची पाळी येईल. हें आपल्या घराण्यास शोभत नाहीं."

बंधू एवढेंच म्हणाला, "दादा, तुम्ही कालिदास शिकवून पगार घेतां, तें विकणें नव्हे काय?"

आम्हीं त्यास उद्धट ठरविलें. त्यानें पुन्हां तो विषय काढला नाहीं. तो नागपुरांतच एका बँकेंत कारकून झाला, त्यानें संसार केला, आईची अखेरपर्यंत सेवा केली. चेंडू मात्र त्यानें माळ्यावरच्या ट्रंकेंत टाकला, तो परत काढला नाहीं. आम्हांस वाटे, पोर शहाणें झालें.

आमचें तें मत हळूहळू ढिलें झालें, त्यास आमच्या गांवचा इतिहासच कारण झाला. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरांत झाला व हिस्लॉप कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १९२६ सालच्या डिसेंबरांत मुंबईच्या जिमखान्यावर, इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं ११ षटकारांसह १५३ धांवा केल्या. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, त्या संघाचे ते कप्तान. नागपूरकर त्यांच्या नांवानें छाती पुढें काढतात, आणि तें योग्यच आहे. परंतु एक गोष्ट आपण सोयिस्करपणें विसरतों. हे आपले नायडू १९२३ सालीं तुकोजीराव होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले. महाराजांनीं त्यांस आपल्या फौजेंत हुद्दा दिला. पुढें त्यांच्या नेतृत्वाखालीं होळकर संघानें १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळां रणजी करंडक जिंकला. होळकरांच्या दारीं पाहुण्यांस तोटा नव्हता. युद्धकाळांत महूच्या छावणींत असलेला इंग्रज फलंदाज डेनिस कॉम्प्टन हासुद्धां १९४४-४५ च्या अंतिम सामन्यांत त्यांच्याकडून खेळला व मुंबईविरुद्ध २४९ धांवा काढून नाबाद राहिला. सामना मात्र मुंबईनें जिंकला.

नायडू विकले गेले, असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. राजानें आश्रय दिला तर ती गुणग्राहकता, आणि कंपनीनें पगार दिला तर ती विक्री, हा कोणता न्याय? हा प्रश्न आम्हांस पडावयास फार वर्षें लागलीं.

विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेंत प्रथम उतरला तो १९५७-५८ च्या हंगामांत. त्यानंतर साठ वर्षें आपण बहुधा इतरांच्या विजयाच्या टाळ्या वाजविल्या. या स्पर्धेंत संघांस बाहेरचे तीनपर्यंत खेळाडू मानधन देऊन बोलावतां येतात. त्या वाटेनें २०१५-१६ च्या हंगामांत मुंबईचे वसीम जाफर विदर्भाकडे आले. पुढच्या हंगामांत दुखापतीमुळें त्यांस खेळतां आलें नाहीं. तरीहि ठरलेलें मानधन त्यांस मिळालें. तें त्यांच्या मनास टोंचत राहिलें असावें; कारण २०१७-१८ चा हंगाम ते एक पैसाहि न घेतां खेळले. मुंबईचेच चंद्रकांत पंडित शिक्षक, आपला फैज फजल कप्तान. कोलकात्यास कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना आपण अवघ्या पांच धांवांनीं जिंकला. अंतिम सामन्यांत रजनीश गुरबाणी यानें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, अक्षय वाडकर यानें १३३ धांवा काढल्या, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव झाला. विजयाचा शेवटचा फटका जाफर यांचा. आणि हा सामना झाला कोठें? इंदुरास, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर! ज्या गांवानें नागपूरचा माणूस नेऊन करंडक जिंकले, त्याच गांवीं नागपूरनें मुंबईचा माणूस नेऊन आपला पहिला करंडक उचलला. देण्याघेण्याचें हें खातें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली.

आमचा पुतण्या, म्हणजे याच बंधूचा मुलगा, असल्या गोष्टींचा मोठा संग्राहक आहे. त्यानें एकदां जेवतांना आम्हांस पोर्तो रिको नांवाच्या बेटाची गोष्ट सांगितली. हें बेट कॅरिबियन समुद्रांत आहे. अमेरिकेंत बेसबॉलचा खेळ उन्हाळ्याचा. हिवाळ्यांत तेथील उत्तरेकडचीं मैदानें गारठून जातात. बेटावर मात्र तेव्हां प्रसन्न हवा असते. म्हणून १९३८ सालीं त्या लोकांनीं स्वतःची हिवाळी स्पर्धा सुरू केली व पगार देऊन बाहेरचे खेळाडू आणूं लागले. त्या काळीं अमेरिकेच्या मोठ्या संघांत काळ्या माणसास जागा नव्हती; ती दारें १९४७ सालीं उघडलीं. तोंपर्यंत सॅचेल पेज याच्यासारखा अव्वल खेळाडू या बेटावर येऊन मान आणि पैसा दोन्ही मिळवी. १९५४-५५ च्या हिवाळ्यांत पाहुणा विली मेज आणि बेटाचाच तरुण रोबेर्तो क्लेमेंटे हे सान्तुर्से गांवच्या एकाच संघांत खेळले. पुढें क्लेमेंटे अमेरिकेंत अतिशय नांवाजला; आणि ३१ डिसेंबर १९७२ रोजीं निकाराग्वांतील भूकंपग्रस्तांसाठीं मदत घेऊन जात असतां विमान पडून वारला. पैसे घेऊन खेळणाऱ्याचें मन लहान होतें, असें कोण म्हणेल?

हौस आणि धंदा यांतील भेद आपण पवित्र मानतों; पण हौस परवडते कोणास, हें आपण विचारीत नाहीं. इंग्लंडांत १९६२ सालापर्यंत हौशी खेळाडूंस 'जंटलमन' व पगारी खेळाडूंस नुसतें 'प्लेयर' म्हणत. कित्येक मैदानांवर दोघांच्या खोल्या निराळ्या, मैदानांत येण्याचीं दारें निराळीं. आपल्याकडील पंक्तिभेदच तो! आणि आपल्याकडे काय निराळें होतें? पुण्याचा पळवणकर बाळू गोऱ्या साहेबांच्या क्लबांत नोकरीस राहून त्यांस गोलंदाजी करीत असे. त्याच्या हाताची करामत पाहून हिंदूंच्या संघानें त्यास घेतलें. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभराहून अधिक बळी घेतले. पण चहाच्या वेळीं संघांतील इतर मंडळी आंत बसत आणि बाळू, जातीनें चांभार म्हणून, बाहेर निराळ्या मातीच्या पेल्यांत चहा घेई. त्यानें टाकलेला चेंडू सर्वांस चाले, त्याचा पेला चालत नसे. त्यास कोणी सांगितलें असतें कीं, बाबा, हौसेनें खेळ, पगार घेऊं नकोस, तर त्याच्या घरची चूल कोणीं पेटविली असती?

मालविकाग्निमित्र नाटकांत, विद्या केवळ पोटासाठीं बाळगणाऱ्यास कवीनें वाण्याच्या पंक्तीस बसविलें आहे. तो श्लोक आम्हीं वर्गांत चौतीस वर्षें मोठ्या आवेशानें शिकविला, आणि दर महिन्याच्या एक तारखेस पगाराच्या पुस्तकावर सही केली. श्लोकांतील 'केवळ' हा शब्द आम्हीं मुलांस बारकाईनें समजावून दिला. स्वतःच्या भावाच्या बाबतींत मात्र तो गाळला. पगार घेऊन आम्हीं कालिदासावर कमी प्रेम केलें काय? मग भावानें पगार घेऊन चेंडूवर कमी प्रेम केलें असतें, हें आम्हीं कशावरून ठरविलें?

आतां मूळ जागीं येऊं. त्या सामन्याच्या आठच दिवस आधीं पुतण्यास इंग्लंडांतील एका लहान गांवच्या क्लबाचें पत्र आलें होतें. उन्हाळाभर तेथें राहावें, शनिवारीं क्लबाकडून खेळावें, गांवच्या मुलांस गोलंदाजी शिकवावी. जाण्यायेण्याचें भाडें, राहण्याची सोय व बेताचा पगार. पुतण्याच्या हातची नोकरी सुटणार होती. बंधूनें तें पत्र देवघरांत आमच्या हातीं दिलें आणि कांहीं न बोलतां निघून गेला. घरांतील वडील आम्ही, शब्द आमचा. तें पत्र आठ दिवस आमच्या खिशांत होतें, आणि जामठ्याच्या बाकावर तें आमच्या छातीशीं खुपत होतें.

आम्हीं तें बाहेर काढलें व म्हटलें, "जाऊं दे त्याला." मग थोड्या वेळानें, फार कष्टानें, म्हटलें, "तुलाहि जाऊं द्यावयास हवें होतें. आमचें चुकलें."

बंधू मैदानाकडेच पाहत होता. तो म्हणाला, "दादा, सरवटे काय छान खेळतो आहे, पाहा!" आणि त्यानें डबा उघडून दशमी आमच्या हातावर ठेवली. दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें नाहीं. तें बरें झालें.

सरवटे दुसऱ्या दिवशीं ७९ धांवा काढून बाद झाला. सामना अनिर्णित राहिला. पण पहिल्या डावांत ३७ धांवांची आघाडी असल्यामुळें करंडक विदर्भास मिळाला, तिसऱ्यांदा. त्यांतहि ८६ आणि १३५ धांवा काढणारा करुण नायर हा कर्नाटकाकडून आलेला पाहुणाच होता. म्हणजे आमच्या मागील गृहस्थांच्या हिशेबानें, उलटलेला माणूस एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूसहि एक; मग रागवावें कोणावर?

त्या रात्रीं माळ्यावर ट्रंक ओढल्याचा आवाज झाला. आम्हीं अंथरुणांतून ऐकलें. सकाळीं पाहतों तों अंगणांत बंधू पुतण्यास, चामडें वाळून भेगाळलेला एक चेंडू बोटांत कसा धरावा, तें दाखवीत होता.

पुतण्या सप्टेंबरांत सुखरूप परत आला. पहिल्या पगारांतून त्यानें आम्हांस एक लोकरीची बंडी आणली. नागपूरच्या थंडीस ती अंमळ जास्तच होते. तरी सकाळच्या वेळीं मैदानावर जातांना आम्ही ती हटकून घालतों, आणि कोणीं विचारलें तर, ती पुतण्याच्या खेळाच्या कमाईची आहे, असें आपण होऊन सांगतों.