दोन दांडे

बाजारांतली वस्तु घरांत आली म्हणजे ती लहान होते, हा सर्वांच्याच अनुभवाचा विषय आहे. जत्रेंतला पाळणा अंगणांत मावत नाहीं, आणि नाट्यगृहांत ऐकलेलें पद घरच्या तबकडीवर ऐकलें तर तें तेंच असूनहि तें नसतें. आमचेंहि मत पूर्वीं असेंच होतें. तें बदलण्यास एक जपानी खेळ कारण झाला, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस हंसूं येईल. परंतु पन्नाशी उलटल्यावर माणसानें हंसूं होण्यास फार भिऊं नये.

१९९७ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही योकोहामास ज्येष्ठ बंधूंकडे गेलों होतों. दादा तेथें एका कारखान्यांत इंजिनियर होते. वडील जाऊन वर्ष झालें होतें, आणि कोंकणांतलें घर विकावें कीं ठेवावें यावरून आम्हां दोघांत पत्रांतून बरीच कडू बोलणीं झालीं होतीं. समोरासमोर बसून तें मिटवावें म्हणून आम्ही गेलों खरे, पण पहिले चार दिवस हवापाण्याखेरीज दुसरा विषय निघाला नाहीं. पांचव्या दिवशीं संध्याकाळीं दादा म्हणाले, "चल, तुला एक गंमत दाखवतों," आणि स्टेशनाजवळच्या एका खेळघरांत आम्हांस घेऊन गेले.

तेथें सेगा कंपनीचा 'व्हर्च्युअल-ऑन' हा १९९५ सालचा खेळ मांडला होता. शेजारीं शेजारीं दोन बैठका आणि प्रत्येकीपुढें स्वतंत्र पडदा. पडद्यावर दोन प्रचंड यंत्रमानव एकमेकांवर मारा करीत असतात. आठांपैकीं आपल्याला हवा तो निवडावयाचा. त्यांचीं रूपें हाजिमे कातोकी या प्रसिद्ध चित्रकारानें आंखलेलीं आहेत. दादांनीं चपळ व समतोल असा टेमजिन घेतला. आम्हीं खांद्यांतून लेसरचे झोत सोडणारा जडदेही रायडेन घेतला.

या खेळाची सारी मौज त्याच्या दोन दांड्यांत आहे. प्रत्येक हातांत एक उभा दांडा, त्यावर एक चाप व एक कळ. दोन्ही दांडे पुढें लोटले तर यंत्रमानव पुढें चालतो. एक पुढें व एक मागें केला तर तो वळतो. दोन्ही बाहेरच्या अंगास ओढले कीं तो उडी घेतो, आणि हवेंत असतां आंत ओढले कीं भूमीवर येतो. उडी घेतांच त्याचें तोंड आपोआप प्रतिस्पर्ध्याकडे वळतें, हें विशेष. शस्त्रेंहि अमर्याद चालत नाहींत. वापरलेल्या शस्त्राची मोजपट्टी उतरते व पुन्हां भरण्यास वेळ लागतो. म्हणून रागाच्या भरांत मारा करणारा ऐन वेळीं रिक्तहस्त उभा राहतो. आमचें नेमकें तसेंच झालें. आम्ही सहा वेळां हरलों, आणि सहाहि वेळां दादांकडे न पाहतां उठलों.

दादांच्या घरीं हाच खेळ सेगाच्या सॅटर्न यंत्रावर होता. तो १९९६ मध्यें घरगुती यंत्रांवर आला, आणि त्यासाठीं दोन दांड्यांची वेगळी पेटीहि कंपनीनें विकावयास काढली. त्या रात्रीं तो आम्ही खेळलों. बाजारांतल्या खेळापुढें तो फिकाच होता. आकृतींची रेखीवता कमी झालेली, हालचालींतली सफाई उतरलेली. आणि दोघांना मिळून एकच पडदा असल्यानें तो मधोमध दुभागलेला. "पाहिलेंत? घरीं आणलें कीं असें होतें," असें आम्ही कुत्सितपणें बोललों.

पण खेळतां खेळतां आमची दृष्टि दादांच्या अर्ध्या भागाकडे गेली. खेळघरांत त्यांचा पडदा आम्हांस दिसत नव्हता. येथें दिसला. त्यांत एक अवजड, लाल झोत ओकणारा राक्षस सारखा चालून येत होता, आणि तो आम्हीच होतों. आमचे हात क्षणभर थांबले. दादांनींहि मारा केला नाहीं.

त्या रात्रीं घराचा विषय निघाला. वडिलांच्या आजारपणाचें कर्ज दादा एकटेच फेडीत होते, आणि तें धाकट्यास सांगूं नकोस असें वडिलांनींच त्यांस बजावलें होतें. आम्हीं पत्रांतून त्यांस धनलोभी म्हटलें होतें. पुढल्या वर्षीं घर विकलें. विक्रीच्या कागदावर पहिली सही आमची.

तो खेळ पुढें वाढला. त्याचा दुसरा भाग १९९८ मध्यें निघाला व १९९९ मध्यें ड्रीमकास्टवर घरोघरीं गेला. २००१ मध्यें सेगानें घरगुती यंत्रें करणेंच सोडलें. तरी चाहते दांडे विसरले नाहींत. २०१८ सालीं वजनकांटे करणाऱ्या तानिता कंपनीनें नव्या यंत्रासाठीं तसे दांडे करण्याकरितां लोकवर्गणी मागितली, आणि दुसऱ्या प्रयत्नांत ती पुरीहि झाली. आवड अशी चिवट असते!

दादा आतां पुण्यास आमच्याजवळच राहतात. गेल्या वर्षीं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. एका रविवारीं माळ्यावरून तें जुनें सॅटर्न काढलें. जपानी विजेचा दाब वेगळा म्हणून मध्यें ट्रान्सफॉर्मर जोडला, आणि यंत्र सुरू झालें. दादांनीं दांड्यांकडे पाहिलें व मान हलविली. मग आम्ही त्यांच्या उजवीकडे सरकून बसलों. डावा दांडा त्यांनीं धरला, उजवा आम्हीं.

आरंभीं टेमजिन वेड्यासारखा जागच्या जागीं गरगरत राहिला. त्यांनीं पुढें लोटावें आणि आम्हीं मागें ओढावें, असें चाललें होतें. मग दादा हळूहळू शब्द देऊं लागले. "पुढें", "वळ", "बाहेर". बाहेर म्हणतांच त्यांनीं डावीकडे ओढलें, आम्हीं उजवीकडे, आणि टेमजिन उंच उडाला. "आंत!" म्हणतांच दोघांचे हात एकमेकांकडे आले, व तो सुखरूप खालीं उतरला.

पहिल्याच प्रतिस्पर्ध्यानें आमचा पराभव केला. दादा म्हणाले, "पुन्हां लाव." आतां दर रविवारीं चहानंतर हाच कार्यक्रम असतो. चवथ्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत मजल गेली आहे.