अणूभर जाडीचा थर

अफझलगंजास हे नाव पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांच्यावरून पडले. येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजे जुन्या मंडळींचे ‘आसफिया’, 1891 साली स्थापन झालेले. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या दुपारी बहुधा तेथेच जातात. पदवीपुरता शिकलेला पदार्थविज्ञान हा विषय सेवाकाळात फायलींखाली दबून गेला होता. आता चुंबकत्वाच्या एका प्रकरणाने आम्हांस पुन्हा त्यात गुंतविले आहे.

लोखंडातील इलेक्ट्रॉनांना स्वतःचे सूक्ष्म चुंबकत्व असते. ती सारी एका दिशेस वळतील की नाही, हे एकट्या अणूवर ठरत नाही. इलेक्ट्रॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे हिंडतात व त्यांच्या ऊर्जांचे पट्टे बनतात. पट्टा अरुंद व दाटीचा असला, की एका दिशेस वळणे ऊर्जेच्या हिशेबात परवडते. एडमंड स्टोनर यांनी 1930 च्या दशकात हा विचार मांडला. थर अणूभर जाडीचा केला, की शेजारी कमी होतात आणि पट्टा आकसतो. त्यामुळे एरवी अणूमागे सुमारे 2.2 बोर मॅग्नेटॉन असलेले लोखंडाचे चुंबकत्व पृष्ठभागावर 3 च्या आसपास पोचते.

याहून नवल पुढेच आहे. टंगस्टन स्वतः लोहचुंबकासारखा नव्हे. त्याच्या स्फटिकाच्या एका कापावर लोखंडाचा एकेरी थर दिला, तर सारे अणू एकदिश होतात; दुसऱ्या, चौरस मांडणीच्या कापावर प्रत्येक अणू शेजाऱ्याच्या उलट तोंड करतो. हे दुसरे रूप हॅम्बुर्गच्या संशोधकांनी 2005 साली दाखविले. लोखंड तेच, आधाराचा धातूही तोच. परंतु दोहोंचे इलेक्ट्रॉन-पट्टे कसे मिसळतात, ते बदलले.

1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला आणि आमच्यासारखी घराणी येथेच राहिली. मराठीचा येथील थर तेव्हापासून पातळच. आमची नात वाक्य मराठीत आरंभते आणि तेलुगूत संपविते. तिच्या पिढीनंतर काय, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल.

मर्मिन व वॅग्नर यांनी 1966 साली सिद्ध केले, की पातळ थरातील चुंबकांना कोणतीच दिशा विशेष प्रिय नसेल, तर थोडीशी उष्णताही दूरवरची शिस्त मोडते. थोडा कल मात्र तिला तारतो, आणि तो कल घडविण्यात पुष्कळदा खालच्या आधाराचाच हात असतो.

माणसे म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हेत, हे आम्ही जाणतो. तरीही तेलुगू व उर्दू शेजाराला दोष देण्याची आपली सवय यामुळे आम्हांस अपुरी वाटू लागली. या शहरानेच आपल्या मराठीस तिचा दख्खनी ढंग दिला. उरतो तो कलाचा प्रश्न, आणि तो घरातच सुटावयाचा आहे. नातीसोबत रोज एक मराठी पान मोठ्याने वाचावयाचे, असे आम्ही ठरविले आहे. अर्थ मात्र तिने तेलुगूत सांगितला तरी चालतो.