चिंध्यांच्या कोटाची गाणारी मुलगी

मुलांनो, एखादं गाणं लागलं की गाणाऱ्याचं नाव तुम्ही पटकन सांगता. पण ते लिहिलं कुणी, चाल कुणी बांधली, असं विचारलं की डोकं खाजवायला लागता. खरं ना?

मी मुलांना गाणं शिकवते. वर्गातली एखादी मुलगी स्वतःच गाणी रचायला लागली की तिचे आईबाबा काळजीत पडतात. विचारतात, "बाई, गाणी रचून पोट भरतं का हो?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून मी त्यांना डॉली पार्टनची गोष्ट सांगते. तीच आज तुम्हालाही सांगते.

डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६चा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, स्मोकी डोंगरांच्या कुशीत तिचं घर होतं. घर कसलं, लाकडी खोपटंच! भावंडं एकूण बारा, त्यांत डॉली चौथी. वडील शेतात राबायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉली जन्मली तेव्हा डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं!

पैसा नव्हता, पण गाणी मात्र भरपूर होती. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी आपली जुनी कथागीतं अन् फिडल या डोंगरांत आणलं होतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून बँजो आला होता. यांच्या मिलाफातून जे गाणं घडलं, त्यालाच पुढे 'कंट्री म्युझिक' म्हणू लागले. साधी चाल, हाती गिटार अन् रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट. डॉलीची आई अशी गाणी म्हणायची.

एका हिवाळ्यात डॉलीला कोट नव्हता. आपल्याकडे गोधडी शिवतात ना, तसे रंगीबेरंगी तुकडे जोडून आईनं तिला कोट शिवून दिला. डॉली तो घालून ऐटीत शाळेत गेली, तर मुलं हसली! आईच्या जुन्या साडीचा फ्रॉक घालून मीही शाळेत गेले आहे, त्यामुळे ते हसणं कसं टोचतं, हे मला नीट ठाऊक आहे. डॉलीनं ते हसणं लक्षात ठेवलं. १९६९ साली बसमधून गावोगावच्या कार्यक्रमांना जाताना तिला त्या कोटावर गाणं सुचलं. जवळ कागद नव्हता, म्हणून लाँड्रीच्या पावतीच्या पाठीवर तिनं ते लिहून काढलं. १९७१ साली 'कोट ऑफ मेनी कलर्स' या नावानं त्याची रेकॉर्ड निघाली. ज्या चिंध्यांना मुलं हसली, त्याच चिंध्यांचं गाणं पुढे देशभर ऐकलं गेलं.

पण इथवर यायला तिला बरीच वर्षं लागली, बरं का! आठव्या वर्षी मामानं तिला गिटार घेऊन दिली. दहाव्या वर्षापासून ती जवळच्या नॉक्सव्हिल शहरात रेडिओ-टीव्हीवर गाऊ लागली. १९६४ साली शाळा संपली. आपण नॅशव्हिलला जाऊन गायिका होणार, असं तिनं निरोप समारंभात सांगितलं, तर सगळे हसले म्हणे! दुसऱ्याच दिवशी तिनं नॅशव्हिलची बस पकडली. कंट्री संगीताची पंढरीच ती! 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम तिथल्या रेडिओवर १९२५पासून चालू आहे.

सुरुवातीला तिला नाव मिळालं ते दुसऱ्यांसाठी गाणी लिहून. तिचं अन् मामाचं एक गाणं १९६६ साली बिल फिलिप्स या गायकानं गायलं अन् ते गाजलं. रेकॉर्डवर मागे डॉलीचाही आवाज आहे, पण त्याबद्दल तिचं नाव छापलं गेलं नाही. १९६७ साली पोर्टर वॅगनर या प्रसिद्ध गायकानं तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. सात वर्षांनी तिला स्वतःच्या वाटेनं जावंसं वाटू लागलं, पण पोर्टर तिला सोडेना. भांडून उपयोग नव्हता. मग तिनं निरोपाचं गाणंच लिहिलं अन् त्याच्यासमोर बसून म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच ते 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. १९७४ साली कंट्री गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. हे गाणं एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं. एल्व्हिस म्हणजे तेव्हाचा गाण्यातला राजाच! डॉलीला कोण आनंद झाला! पण त्याच्या व्यवस्थापकानं, कर्नल टॉम पार्करनं, अट घातली की गाण्याच्या प्रकाशनाचे निम्मे हक्क आम्हाला हवेत. हक्क म्हणजे काय? रेकॉर्ड विकली गेली, रेडिओवर गाणं वाजलं, दुसऱ्या कुणी ते पुन्हा गायलं, की दर वेळी गाणं लिहिणाऱ्याला अन् प्रकाशकाला पैसे मिळतात. डॉलीनं ते हक्क स्वतःकडे राखले होते. ती 'नाही' म्हणाली आणि रात्रभर रडली.

मी शाळेत असताना माझं एक स्वागतगीत एका कार्यक्रमात म्हटलं गेलं. पत्रिकेत नाव मात्र भलत्याच कुणाचं छापलेलं. घरी येऊन रडले, तर आजी म्हणाली, "अगं, गाणं छान झालं ना? मग नावाचं एवढं काय?" आजीचं मन मोठं होतं, पण मला ते काही पटलं नाही. आपण केलेल्या कामावर आपलं नाव असावं, यात हावरेपणा नसतो. डॉलीची गोष्ट वाचली तेव्हा त्या दिवसाची आठवण झाली अन् फार बरं वाटलं.

पुढे काय झालं? १९९२ साली 'द बॉडीगार्ड' या सिनेमात तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टन गायली. अमेरिकेच्या यादीत ते सलग चौदा आठवडे पहिलं होतं! गाणारी दुसरी होती, पण लिहिणारी डॉलीच होती. तिच्या हक्काचा पैसा तिलाच मिळाला.

तेव्हा मुलांनो, गाणं रचा, कविता करा, चित्र काढा. खाली नाव अन् तारीख घालायला विसरू नका. आणि आईबाबांनो, पोट भरेल की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कागदावर सही करण्याआधी तो शांतपणे वाचायचा, एवढं तरी मुलांना शिकवता येईल.

डॉलीनं हक्क सोडले नाहीत, पण पैसा मात्र हात मोकळा सोडून वाटला. १९९५ साली तिनं आपल्या भागात 'इमॅजिनेशन लायब्ररी' सुरू केली. जन्मापासून पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाला दर महिन्याला एक पुस्तक पोस्टानं घरी येतं, तेही फुकट, अन् पाकिटावर त्या मुलाचं नाव! २०२३पर्यंत वेगवेगळ्या देशांत मिळून अशी वीस कोटींहून जास्त पुस्तकं वाटली गेली. हे तिला सुचलं ते वडिलांमुळे, ज्यांना आयुष्यात एक ओळही वाचता आली नव्हती. लहान मुलं डॉलीला 'पुस्तकवाली बाई' म्हणू लागली. आपली लेक मोठी गायिका झाली, याचा वडिलांना आनंद होताच. पण हे नाव ऐकलं की त्यांची छाती जास्तच फुगायची!