दुबईतला शनिवार

दुबईतून पैसे पाठवले की वऱ्हाडातल्या नांदुऱ्याहून आईचा फोन येतोच, "पैसे कवा येतीन रे?" एक्स्चेंजच्या काउंटरवरचं उत्तर ठरलेलं असतं, दोन वर्किंग डे. हे दिवस कोणत्या गावचे धरायचे, हा इथे अनेक वर्षं खरा प्रश्न होता.

२००६पर्यंत इथली सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती, नंतर शुक्रवार-शनिवारची झाली. रविवारी आम्ही कामावर आणि भारतातल्या बँका बंद. शुक्रवारी तिकडे बँका उघड्या, तर आम्ही घरी. दोन्हीकडे कामकाज चालू असे दिवस उरत सोमवार ते गुरुवार. १ जानेवारी २०२२पासून सरकारने सुट्टी शनिवार-रविवारवर आणली आणि शुक्रवारचं काम दुपारी बारापर्यंत ठेवलं. शेजारच्या शारजाने तर अख्खा शुक्रवार सुट्टीत घातला. शारजात घर आणि दुबईत नोकरी असलेल्यांच्या घरी शुक्रवारी मुलं शाळा नसल्याने घरी आणि आईबाप कामावर, अशी ओढाताण सुरू झाली.

पण हे सगळं ऑफिसवाल्यांचं. खासगी कंपन्यांना हा बदल बंधनकारक नव्हता. शनिवारी पहाटे सोनापूरच्या कामगार वस्तीतून बसगाड्या भरून बाहेर पडतात. निळ्या-केशरी कपड्यांतली माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली असतात, मांडीवर डबा. त्यात आपल्याकडचीही असतात. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी आहे, तेवढा त्यांना आसरा. शहर उभं करणाऱ्यांना आठवड्यात सुट्टीचे दोन दिवस मिळायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

आपला रविवारसुद्धा कुणी आयता दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो लढून मिळवला, १८९० साली. आपल्या वऱ्हाडचा कापूस त्या काळी मुंबईच्या बाजारात जात होता. तो सूत होऊन निघे त्या गिरणीला रविवारची सुट्टी मिळाली. कापूस जिथे पिकतो तिथे मात्र वेचणीच्या बायांना आजही किलोमागे मजुरी मिळते. ज्या दिवशी वेचणी नाही, त्या दिवशी पैसे नाहीत, मग तो रविवार असो की सण. आईचे पैसे तरी सोमवारी खात्यात येतात.