शाळेतले ताट : जपान आणि फिनलंडहून पत्रे

त्सुरुओका, जपान

ती. आईस सा. न. वि. वि.

जपानी शाळांतल्या जेवणाची सुरुवात याच गावात झाली, असे मानले जाते. १८८९ साली दाइतोकुजी या बौद्ध मंदिराच्या आवारात भरणाऱ्या शाळेत गरीब घरांतली मुले डब्याविनाच येत. भिक्षूंनी त्यांना भाताचे मुटके, भाजलेला खारा मासा आणि लोणचे द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर अन्नाचा तुटवडा पडला, तेव्हा परदेशी मदतीतून आलेली दुधाची भुकटी आणि गव्हाचा पाव यांवर शाळांनी मुलांना तगवले. १९५४ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला. भातावर पोसलेल्या या देशात शाळेच्या ताटात भात अधिकृतपणे आला तो मात्र १९७६ साली.

तोक्यो

ती. आईस सा. न. वि. वि.

प्राथमिक शाळांत मुले बहुधा वर्गातच जेवतात, आणि वाढायचे कामही त्यांचेच. ज्यांची पाळी असेल ती मुले हात धुऊन पांढरा झगा, टोपी आणि मास्क चढवतात, ढकलगाडीवरून पातेली वर्गात आणतात. कोणी भात घालतो, कोणी मिसो सूप, कोणी चिमट्याने माशाचा तुकडा ठेवतो. दूध २०० मिलिलिटर. सगळ्यांचे वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. मग सारा वर्ग एकसुरात ‘इतादाकिमासु’ हे जेवणाआधीचे कृतज्ञतेचे शब्द म्हणतो आणि जेवू लागतो. शिक्षकांचे जेवणही तेच, तिथेच. त्याआधी मुख्याध्यापकांनी किंवा नेमलेल्या व्यक्तीने प्रत्येक पदार्थ चाखून पाहिलेला असतो.

स्वयंपाकघर आणि कामगारांचा खर्च नगरपालिका उचलते. शिध्याचे पैसे कायद्याने पालकांकडे, पण अलीकडे कितीतरी नगरपालिकांनी तेही माफ केले आहेत. २००५ पासून पोषण शिकवणाऱ्या शिक्षकांचे वेगळे पद आहे. जेवण हा इथे तासांमधला खंड धरला जात नाही, तो शिकवण्याचाच भाग असतो. या व्यवस्थेचे खरे बळ त्यातच आहे.

हेलसिंकी, फिनलंड

ती. आईस सा. न. वि. वि.

फिनलंडने १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, शाळेतले जेवण मोफत देण्याचा कायदा केला आणि तयारीसाठी पाच वर्षे दिली. १९४८ पासून प्रत्येक मुलाला ते मिळू लागले. असे करणारा हा पहिला देश. मुले भोजनगृहात स्वतःच वाढून घेतात. कसे वाढायचे ते दाखवणारे नमुन्याचे ताट समोर असते : अर्धे भाज्यांनी भरलेले, पाव भागात बटाटा किंवा भात, उरलेल्यात मासे, मांस वा कडधान्य. सोबत दूध आणि पाव.

श्रीमंताचे मूल आणि गरिबाचे मूल यांत इथे फरक केला जात नाही. भुकेल्या मुलाला आपली गरिबी सिद्ध करावी लागत नाही, याहून मोठी गोष्ट कोणती? भारतातल्या बहुतेक राज्यांत बरीच वर्षे शाळेतून महिन्याला कोरडे धान्य घरी दिले जाई; २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला आणि महाराष्ट्रातल्या सरकारी व अनुदानित शाळांत खिचडी शिजू लागली. तिथेही आठवीपर्यंतच्या कोणत्याही मुलाला उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. फिनलंडमध्ये हा हक्क उच्च माध्यमिक आणि व्यवसाय-शिक्षणाच्या विद्यार्थ्यांनाही आहे.